किल्ट म्हणजे स्कर्टच ना? न्हाय ओ

गुडघ्यापर्यंतचं काही घालून मी साताऱ्यात राजवाड्यावर भेळ खायला गेलो की कुणीतरी विचारतंच, हे ते स्कॉटलंडवालं का? बऱ्याचदा नाही म्हणावं लागतं, कारण अंगावर साधा स्कर्ट असतो. लोकांचं सोडा, पण नव्यानं घालायला लागलेली पोरंही दोन्ही एकच समजतात, किल्टचे नियम स्कर्टला लावतात आणि मग आरशात बघून म्हणतात आपल्याला शोभत नाय राव.

किल्टचं, म्हणजे स्कॉटलंडच्या पुरुषांच्या त्या निऱ्यांच्या पोशाखाचं, आधी सांगतो. पारंपरिक किल्टला लोकरी टार्टन, म्हणजे रंगीत चौकड्यांचं कापड लागतं साधारण 8 वार, म्हणजे आपल्या नऊवारीला एकच वार कमी, आठवारीच म्हणा की. फक्त नऊवारीच्या निऱ्या पुढं असतात आणि किल्टच्या सगळ्या मागं, पुढं दोन सपाट पदर एकावर एक. वरचा पदर घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला येतो आणि चामड्याच्या पट्ट्यांनी बकल होतो. कंबरेपासून कुल्ल्यापर्यंत निऱ्या शिवून बसवलेल्या असतात म्हणून तिथं कापड फुगत नाही, खाली मात्र चालताना झोकात हलतं. खालच्या कोपऱ्याला पिन असते ती फक्त वरच्या पदराला लावायची, दोन्हीतून घातली तर कापड ओढलं जातं, कधी फाटतं पण.

स्कर्टमध्ये यातलं काहीच सक्तीचं नाही. घेर चारी बाजूंनी असेल, नसेलही, चेन मागं असेल, नुसतं इलॅस्टिक असेल.

आता खरी मेख कंबरेत. किल्ट बसतो बेंबीच्या आसपास, जीन्सपेक्षा चांगला वर, आणि खालची कड गुडघ्याच्या वाटीवर. माप देताना जीन्सचा नंबर सांगितला तर गंडलात, टेप लावूनच मोजायचं. शर्ट आत खोचायचा, जाड मोजे, वजनदार बूट. स्कर्टचं दुखणं वेगळंच, दुकानात मिळतो तो बायकांच्या मापाचा, कंबर बारीक आणि कुल्ला मोठा धरून कापलेला. आपलं अंग तसं सरळसोट, मग कंबरेला बसला की बाजूला फुगा येतो आणि कुल्ल्याला बसला की कंबरेचं बटण लागत नाय. त्यामुळं गुंडाळायचा नाहीतर इलॅस्टिकचा घ्या, किंवा सरळ टेलरकडं जावा, पहिल्यांदा तो हसेल, दुसऱ्यांदा स्वतःच खिसा लावू का विचारेल (माझ्या टेलरनं विचारलं). स्कर्टवर शर्ट खोचलाच पाहिजे असं नाही, आखूड कुर्ता बाहेर सोडला तरी छान दिसतो, पण शर्ट मांडीपर्यंत लोंबत असेल तर माणूस बुटका दिसतो. रंग साधा, काळा, खाकी, निळा, आणि वरचं रोजचंच ठेवा. सगळंच एकदम नवीन घातलं की वेशभूषा स्पर्धेला निघाल्यासारखं वाटतं.

खिशाचं म्हणाल तर पारंपरिक किल्टला खिसे नसतात म्हणून पुढं स्पॉरन नावाची पिशवी लटकवतात. ती स्कर्टवर लावू नका प्लीज, मी लावली होती, कंडक्टर दिसत होतो.

वाऱ्याचं तर विचारूच नका. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांखाली मी रेयॉनचा हलका स्कर्ट घालून गेलो होतो, अख्खा वेळ दोन्ही हात मांडीवर. लोकरी किल्ट वजनानं बराच खाली राहतो, पण मागच्या निऱ्या वारा लागला की उडतातच, तेव्हा दोन्हीत आत शॉर्ट्स घाला, आत काही न घालण्याची बढाई स्कॉटलंडलाच राहू दे. आणि एप्रिलात इथं लोकर कोण घालणार ओ, त्यासाठी सुती कॅनव्हासचे खिसेवाले युटिलिटी किल्ट असतात, पण त्याच्यावर टार्टनवाला थाट करू नका, बूट आणि टीशर्ट बास.

किल्टला एवढे नियम का, तर त्याच्यामागं इतिहास आहे. 1746 च्या कायद्यानं स्कॉटलंडच्या डोंगरी भागातला हा पोशाख पुरुषांना बंद केला, फौजेतले सोडून, आणि 1782 ला बंदी उठली. तेवढं सोसलेला कपडा मानानं घालावा. स्कर्टला असलं ओझं नाही, तिथं लांबी तुमची तुम्हीच ठरवायची, मी पोटरीच्या मध्यापर्यंत घेतो कारण माझे गुडघे मलाच आवडत नाहीत.

बसताना मात्र दोन्हीला एकच, मागून हात फिरवून कापड खाली सारायचं आणि मग टेकायचं. आईला मी हे विचारायला गेलो तर म्हणाली, एवढं बी येत न्हाय व्हय रं तुला.