क्ष-किरण युग्मताऱ्यांची अर्धआवर्ती दोलने

न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर आणि त्याच्या जोडीचा साधा तारा यांच्या प्रणालीतून येणाऱ्या क्ष-किरणांची तीव्रता सेकंदाच्या अंशात कमीजास्त होते. या चढउतारांत सापडणाऱ्या, पण फार काळ न टिकणाऱ्या लयीला अर्धआवर्ती दोलन म्हणतात. अभ्यासकांच्या तोंडी मात्र ‘क्यूपीओ’च असते. जोडीदाराकडून ओढलेला वायू तबकडीच्या रूपात घिरट्या घालत आत सरकतो, तापतो आणि क्ष-किरण फेकतो, लय तिथलीच. कोणत्या वारंवारतेला चढउतार किती जोरदार हे दाखवणाऱ्या आलेखात, म्हणजे शक्तिवर्णपटात, स्पंदकाची (नियमित स्पंद देणाऱ्या ताऱ्याची) वारंवारता सुईसारखी टोकदार दिसते, क्यूपीओचा मात्र पसरट उंचवटा दिसतो.

1985 मध्ये मिखिएल व्हान डर क्लिस आणि सहकाऱ्यांनी युरोपच्या एक्सोसॅट उपग्रहाच्या नोंदींतून जीएक्स 5-1 या न्यूट्रॉन ताऱ्याच्या प्रणालीत 20 ते 40 हर्ट्झची दोलने दाखवली. स्रोत उजळला की वारंवारताही वाढत होती. 1996 मध्ये ‘नासा’च्या आरएक्सटीई उपग्रहाला हजार हर्ट्झच्या आसपासची दोलनेही सापडली. न्यूट्रॉन ताऱ्याला लगटून फिरणाऱ्या वायूला एका फेरीला साधारण तेवढाच, म्हणजे मिलिसेकंदभर वेळ लागतो.

कृष्णविवरांची गोष्ट अधिक रंजक आहे. जीआरओ जे1655-40 मध्ये 300 आणि 450 हर्ट्झची दोलने दिसली. त्यातले विवर सूर्याच्या सुमारे सहापट वस्तुमानाचे. ते स्वतःभोवती फिरत नसेल, तर सर्वांत आतल्या स्थिर कक्षेतला वायूही सेकंदाला 370 च्या आसपासच फेऱ्या मारू शकेल. म्हणजे 450 हा आकडा वायूच्या फेऱ्यांचा असेल, तर विवर फिरतेच आहे. मात्र हा ‘तर’ अजून सुटलेला नाही. दोन आकड्यांतले 2:3 हे गुणोत्तर मोहात पाडणारे आहे, पण अशी उदाहरणे इतकी थोडी की त्यावर सिद्धांत उभारणे घाईचे वाटते.

साधारण 0.1 ते 30 हर्ट्झच्या मंद दोलनांबाबत पुरावा बरा आहे. फिरते विवर भोवतालचे अवकाश ओढते, त्यामुळे आतला तप्त वायू डोलतो, हे त्यांचे एक प्रमुख स्पष्टीकरण. एच1743-322 या कृष्णविवराच्या प्रणालीत लोहाच्या वर्णरेषेची ऊर्जा दोलनाच्या तालावर सरकत असल्याचे 2016 मध्ये दाखवले गेले. डोलणाऱ्या वायूच्या क्ष-किरणांचा झोत तबकडीच्या आपल्याकडे येणाऱ्या आणि दूर जाणाऱ्या बाजूंवर आळीपाळीने पडला, तर असेच घडेल.

गरुड तारकासमूहातील जीआरएस 1915+105 या कृष्णविवराच्या प्रणालीतील 67 हर्ट्झ दोलनाचा पाठपुरावा भारताच्या ॲस्ट्रोसॅटनेही केला. सप्टेंबर 2015 मध्ये सोडलेल्या या उपग्रहावरील ‘लॅक्सपीसी’ हे क्ष-किरण टिपणारे उपकरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडले. प्रत्येक फोटॉनची वेळ ते 10 मायक्रोसेकंदांपर्यंत नोंदवते.