कोळंबीच्या रोगांची तीस वर्षे: पांढऱ्या ठिपक्यांपासून ईएचपीपर्यंत

व्हेनामी या परदेशी जातीच्या कोळंबीच्या तलावावर आज जी कामे सवयीने केली जातात, त्यांतल्या जवळपास प्रत्येकामागे एक ठरावीक रोग आहे. खेकडे अडवणारे कुंपण, पक्षीजाळी, पाण्याचा वेगळा साठवण तलाव, बीज (तलावात सोडायची पिल्ले) घेण्याआधीची पीसीआर (रोगजंतूचा जनुकीय अंश शोधणारी) चाचणी, तळातला चुना हे सगळे एकदम आलेले नाही. एका रोगासाठी बसवलेला उपाय पुढच्या रोगाला पुरला नाही; एकदा तर त्यानेच पुढच्याला जागा करून दिली. हा क्रम ठाऊक नसला की शेतकरी चुकीच्या शत्रूवर पैसा ओततो.

सुरुवात पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूपासून झाली. 1992 च्या सुमारास तैवान आणि चीनमध्ये तो दिसला, 1993 मध्ये चीनहून आणलेल्या बीजाबरोबर जपानमध्ये पोचला आणि 1994 मध्ये भारताच्या पूर्व किनाऱ्यावर टायगर कोळंबीच्या तलावांत उतरला. इक्वेडोरला त्याने 1999 मध्ये गाठले. कोळंबी खाद्य सोडते, मंद होऊन काठाला येते आणि 3 ते 10 दिवसांत तलाव जवळजवळ रिकामा होतो. मेलेली कोळंबी इतर कोळंब्या खातात, त्यामुळे वेग आणखी वाढतो.

कवचावरचे ठिपके म्हणजे साचलेले क्षार. पण केवळ ठिपक्यांवरून निदान करू नये. पाण्याची अल्कलिनिटी जास्त असल्याने किंवा जिवाणूंमुळेही तसे डाग येतात. उलट व्हेनामी पुष्कळदा ठिपके न दाखवता नुसती लालसर पडून मरते. खात्री पीसीआरनेच होते.

त्या काळी भारतातल्या हॅचऱ्या (बीज तयार करणारी केंद्रे) समुद्रातून पकडलेल्या माद्यांवर चालत. मादी वरून निरोगी दिसे, अंगात विषाणू थोडाच असे. अंडी घालण्याच्या ताणात तो वाढे आणि पिल्लांत उतरे. दुसरी वाट पाण्याची होती. खेकडे आणि इतर लहान कवचधारी जीव हा विषाणू बाळगतात, म्हणून कुंपण आले. मेलेली कोळंबी उचलून शेजारच्या तलावात टाकणाऱ्या पक्ष्यांसाठी जाळी आली. खाडीचे पाणी थेट तलावात न घेता आधी साठवण तलावात ब्लीचिंग पावडरने मारून घेण्याची रीतही तेव्हाचीच.

प्रमाण साधारण 60 पीपीएम पावडरचे, म्हणजे एक मीटर खोल एक हेक्टर पाण्याला 600 किलो. इथे दोन चुका नेहमी होतात. जुनी, हवा लागलेली पावडर वापरली तर तिच्यातला क्लोरीन आधीच उडालेला असतो. आणि चुना आधी टाकून मग ब्लीचिंग केले तर पीएच चढलेला असल्याने क्लोरीनची मारक शक्ती बरीच घटते. आधी ब्लीचिंग, मग एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) चालवून क्लोरीन उडवणे, चुना त्यानंतर.

भारताने 2009 मध्ये व्हेनामीला परवानगी दिली ती याच पार्श्वभूमीवर. अट अशी की मातृसाठा (अंडी देण्यासाठी ठेवलेली कोळंबी) परदेशातल्या ठरावीक रोगमुक्त पैदाशीचा हवा आणि तो आधी चेन्नईजवळच्या नीलंकराई येथील विलगीकरण केंद्रातून गेला पाहिजे. पालघर, रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या खाडीकाठच्या तलावांतही मग टायगरची जागा व्हेनामीने घेतली. याबद्दलचा एक गैरसमज आजही महागात पडतो. ‘एसपीएफ’ बीज म्हणजे यादीतले रोगजंतू नसलेले बीज. ते रोगाला दाद देत नाही असा त्याचा अर्थ नाही. दूषित पाण्यात सोडले तर ते इतर बीजाइतकेच मरते.

नेमक्या त्याच वर्षी चीनमध्ये नवा रोग उगवला. बीज सोडल्यापासून पहिल्या महिन्याभरातच कोळंबी मरू लागली, म्हणून त्याला ईएमएस (अर्ली मॉर्टॅलिटी सिंड्रोम, म्हणजे लवकर मरण्याचा रोग) म्हणू लागले. पुढे व्हिएतनाम, 2011 मध्ये मलेशिया, 2012 मध्ये थायलंड. विषाणू सापडेना. गोठवलेली रोगी कोळंबी खाऊ घालूनही प्रयोगशाळेत रोग लागेना. अखेर 2013 मध्ये ॲरिझोना विद्यापीठातल्या डोनाल्ड लाइटनर यांच्या गटाने ताज्या नमुन्यांतून वेगळा काढलेला व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा जिवाणू निरोगी कोळंबीच्या पाण्यात सोडला आणि रोग जसाच्या तसा उभा केला. गोठवणीत जिवाणूच मरत होता, हे कोडे तिथे सुटले.

हा जिवाणू तर प्रत्येक खाडीत असतो; मग आताच घातक का झाला? 2015 मध्ये तैवानच्या संशोधकांनी उत्तर दिले: त्याला सुमारे 70 हजार बेस जोड्यांचा एक प्लास्मिड (जिवाणूतला डीएनएचा सुटा तुकडा) मिळाला होता. त्यावरची पीरए आणि पीरबी ही दोन जनुके जे विष तयार करतात, ते कोळंबीच्या हेपॅटोपॅन्क्रियासच्या (पचनग्रंथीच्या) पेशी गळून पाडते. त्याच प्लास्मिडवर अशीही यंत्रणा आहे की प्लास्मिड गमावणारा जिवाणू स्वतःच मरतो. म्हणून तो साठ्यातून आपोआप विरत नाही. उलट व्हिब्रिओच्या इतर जातींतही तो आढळला आहे. तलावावरची खूण: फिकट, आक्रसलेला हेपॅटोपॅन्क्रियास, त्यावर काळ्या रेघा, रिकामे आतडे, आणि बोटांत चिरडताना लागणारा चिवटपणा.

इथेच जुना उपाय उलटला. क्लोरीनने सगळे मारलेल्या पाण्यात भरपूर खाद्य पडले की सर्वांत आधी वाढतात ते झपाट्याने दुप्पट होणारे व्हिब्रिओ, कारण त्यांच्याशी स्पर्धा करणारे कुणी उरलेलेच नसते. म्हणून ब्लीचिंगनंतर लगेच बीज सोडणे हा आमच्या मते सर्वांत घातक शॉर्टकट आहे. पाणी पिकू द्यावे, प्लवक आणि उपयुक्त जिवाणू स्थिरावू द्यावेत, मगच बीज. 2020 मध्ये चीनच्या हॅचऱ्यांत चार ते सात दिवसांची पिल्ले काचेसारखी पारदर्शक होऊन दोन दिवसांत मरू लागली. तिथेही व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकसच निघाला, पण विष वेगळे.

भारतात आज जास्त पैसा बुडवतो तो ईएचपी. थायलंडमध्ये 2009 मध्ये नाव मिळालेला हा सूक्ष्मबीजाणू परजीवी कोळंबीला सहसा मारत नाही. तो हेपॅटोपॅन्क्रियासच्या पेशींत राहतो, कोळंबी खाते पण वाढत नाही, आणि एकाच तलावात दोन-तीन आकारांचा माल निघतो. नुकसान कळते तेव्हा खाद्याचा खर्च होऊन गेलेला असतो. त्याला मधला यजमान लागत नाही. विष्ठेतून आणि मेलेल्या कोळंबीतून तो थेट पसरतो.

बीजाणू तळाच्या चिखलात मुरतात आणि पाण्यातला क्लोरीन तिथवर पोचत नाही. थायलंडमधल्या तज्ज्ञांनी सुचवलेली रीत अशी: तळ पूर्ण वाळवायचा, हेक्टरी 6 टन कळीचा चुना 10 ते 12 सेंटिमीटर खोल नांगरायचा, मग ओल देऊन आठवडाभर ठेवायचे. मातीचा पीएच 12 च्या वर जाऊन एक-दोन दिवस टिकला पाहिजे. स्वस्त म्हणून चुनखडीची पूड टाकली तर पीएच सव्वाआठच्या आसपासच अडकतो आणि बीजाणूंना काही होत नाही. न भाजलेली चुनखडी आणि कळीचा चुना यांत गल्लत नको.

हॅचरीत तो मातृसाठ्याला दिल्या जाणाऱ्या जिवंत पॉलीकीट (समुद्री वळयुक्त) कृमींतून शिरतो. कृमी उणे 20 अंशांवर गोठवल्याने ईएचपीचे बीजाणू मरतात, पण पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू गोठवणीत टिकून राहतो. म्हणून 70 अंशांवर 10 मिनिटे तापवणे हा अधिक भरवशाचा मार्ग. बीज घेताना अहवालात ईएचपीची चाचणी कोणत्या जनुकावर केली तेही पाहावे: एसएसयू आरएनए जनुकावरची चाचणी जवळच्या इतर परजीवींनाही पकडते, बीजाणूच्या भित्तीतल्या प्रथिनाच्या जनुकावरची चाचणी ती चूक टाळते.