घरातला साज, लुगडी आणि फेटे संग्रहालयात ठेवायचे आहेत? कोल्हापुरात नोंदणी कशी होते, कागद कोणते लागतात

कोल्हापुरातल्या जुन्या वाड्यांच्या पेट्यांत अजून बरंच शिल्लक आहे: इरकली लुगडी, जरीचे फेटे, ठुशी, चिंचपेटी, चांदीचे जड तोडे. गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, मोडीत घातलेला साज एकदा आटवला की त्याची घडण कायमची जाते. त्यामुळे पारंपरिक वेशभूषा आणि दागिन्यांचं खासगी संग्रहालय कुणी मनावर घेत असेल, तर त्याला सगळी मदत मिळाली पाहिजे. फक्त एक कळकळीचं सांगणं: जागा शोधण्याआधी वस्तूंचे कागद करा.

नोंदणी

स्वतःचा संग्रह घरात ठेवायला संस्था लागत नाही. लोकांकडून वस्तू आणि देणग्या घ्यायच्या असतील तर मात्र महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली न्यास (ट्रस्ट) नोंदवावा. न्यास स्थापन झाल्यापासून 3 महिन्यांत कोल्हापूरच्या धर्मादाय कार्यालयाकडे अर्ज जातो. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था काढायची तर किमान 7 सभासद हवेत, आणि तिचीही नोंद धर्मादाय कार्यालयात करावी लागते.

अर्जासोबत न्यासपत्र किंवा घटना, विश्वस्तांची संमतीपत्रं, आधार आणि पॅन, प्रतिज्ञापत्र, जागेचं प्रॉपर्टी कार्ड किंवा भाडेकरार आणि मालकाचं ना-हरकत पत्र तयार ठेवा. मालमत्तेच्या तपशिलात नुसतं ‘जुने दागिने’ लिहू नका. ‘कोल्हापुरी साज, सोन्याचा, पानं 21, वजन इतके ग्रॅम, एक पान वाकलेलं’ असं लिहा, सोबत फोटो लावा. पुढे विश्वस्त बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो.

दानपत्र: इथे घाई नको

आजीचा साज नातू आनंदाने आणून देतो. पण तो साज त्याचा एकट्याचा असतोच असं नाही. हिंदू कुटुंबात स्त्रीधन त्या बाईच्या मालकीचं. तिने मृत्युपत्र केलं नसेल तर पती, मुलगे आणि मुली असे सगळे वारस. सासरी गेलेल्या आत्यांची सही राहून जाते आणि भांडण नेमकं तिथूनच सुरू होतं. म्हणून दानपत्रावर सर्व वारसांच्या सह्या घ्या, दोन साक्षीदार ठेवा, वस्तू प्रत्यक्ष ताब्यात घेऊन पोच द्या. घराण्याला मालकी सोडायची नसेल तर मुदतीचा करार करा. त्यात विमा कुणी काढायचा आणि वस्तू परत कधी द्यायची, हे स्पष्ट लिहा.

त्याच बैठकीत वस्तूची माहितीही उतरवून घ्या: लुगडं कुणाचं, कुठल्या गावचं, कोणत्या प्रसंगाला नेसायचे. ती सांगणारी माणसं वयस्कर आहेत. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या आणि तो बांधीव नोंदवहीत चढवा. कापडावर शाई किंवा चिकटपट्टी लावू नका. सुती पट्टीवर क्रमांक लिहून ती चार टाक्यांनी अडकवा.

पुरावस्तू आणि वाघनखं

1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार साधारण 100 वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरते. सक्तीची नोंदणी मुख्यतः शिल्पं, चित्रं आणि सचित्र हस्तलिखितांना आहे. कपडे-दागिने त्या यादीत नाहीत. पण देवांच्या जुन्या टाकांवर मूर्ती असतात, म्हणून त्यांच्याबाबत विचारून घ्या. टाउन हॉलमधलं वस्तुसंग्रहालय राज्याच्या पुरातत्त्व विभागाचं आहे, चौकशीची सुरुवात तिथून करता येईल. पुरावस्तू परदेशी पाठवायला खासगी व्यक्तीला किंवा संस्थेला मनाई आहे.

सोन्यात मढवलेलं वाघनख किंवा हस्तिदंती बांगडी कुणी आणली तर आधी वन विभागाचं मालकी प्रमाणपत्र मागा. ते नसेल तर वस्तू ठेवून घेऊ नका. वन्यजीव कायद्याखाली हा गुन्हा आहे, आणि ‘पिढीजात आहे’ एवढं सांगून सुटका होत नाही.

बाकीचं थोडक्यात

इमारतीच्या वापराची परवानगी आणि अग्निशमनाची पूर्तता महापालिकेकडे तपासा. अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. संग्रहालयाच्या प्रवेश तिकिटावर जीएसटी नाही, विक्री दालनातल्या वस्तूंना ही सूट नाही. देणगीदाराला करसवलत मिळावी यासाठी न्यासाची आयकर विभागाकडे वेगळी नोंदणी लागते.

केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची संग्रहालय अनुदान योजनाही आहे. त्यासाठी संस्थेची नोंदणी किमान 3 वर्षांची हवी आणि स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीसाठीच्या सरकारी ‘दर्पण’ पोर्टलवरचा क्रमांक हवा. तोवर दरवर्षीचं लेखापरीक्षण वेळेवर करून घ्या आणि नोंदवही पूर्ण ठेवा. अनुदानाच्या प्रकल्प अहवालात संग्रहाचा तपशील तिच्यातूनच भरायचा आहे.