काँटेंडर की एन्कोर? आधी काडतूस ठरवा

दोन्ही पिस्तुलं टेबलावर शेजारी ठेवली तर नवखा माणूस हमखास गोंधळतो. दोन्हींत एका वेळी एकच काडतूस, दोन्ही बिजागरीवर उघडतात, दोन्हींची नळी बदलता येते, आणि कंपनीही एकच: अमेरिकेतली थॉम्पसन/सेंटर. पण काँटेंडरची नळी एन्कोरला बसत नाही, एन्कोरची काँटेंडरला बसत नाही. माझ्या एका मित्राने स्वस्तात मिळते म्हणून .308 या रायफलच्या काडतुसाची, एन्कोरची नळी उचलली. घरी होती काँटेंडर. नळी अजून कपाटावर पडून आहे.

काँटेंडर थोरली, 1967ची, वॉरन सेंटर यांच्या डोक्यातून निघालेली. एन्कोर आली 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात, थोराड अंगाची. का, ते काडतुसाच्या बुडाकडे पाहिलं की कळतं.

.223 या लहान रायफल-काडतुसाचा कमाल दाब 55,000 पीएसआय (चौरस इंचावर पडणारे पाउंड), .308चा 62,000. फरक फार वाटत नाही, आणि काँटेंडर .223 आरामात झेलते. मग .308 का नाही? कारण .223चं बूड 0.378 इंचांचं, .308चं 0.473. क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त झालं. ढोबळ हिशेबाने फ्रेमला मागे बसणारा धक्का पावणेदोन पट होतो. तो सोसायला एन्कोरची जाड फ्रेम लागते. .30-30, .44 मॅग्नम इथपर्यंत काँटेंडर खुशाल वापरा; .308, .30-06 हवं असेल तर एन्कोरच.

मात्र काँटेंडरकडे एक गंमत आहे जी एन्कोरकडे नाही. तिच्या घोड्यावरचा, म्हणजे मागच्या हातोडीवरचा, खटका फिरवला की ती .22सारखं रिमफायर काडतूसही (ज्याच्या बुडाच्या कडेवर आघात होतो ते) उडवते. म्हणजे सकाळी .22वर स्वस्तात सराव, दुपारी नळी बदलून .223. पुढचं लाकूड काढा, बिजागरीची पिन सरकवा, नळी उचला, दुसरी ठेवा. दुर्बीण नळीवरच असते, त्यामुळे तिचा नेम सहसा तिच्यासोबत राहतो.

गोंधळात भर घालायला काँटेंडरचीच नंतरची आवृत्ती, जी-टू काँटेंडर आहे. जुन्या काँटेंडरच्या नळ्या तिला चालतात, मूठ चालत नाही. जुनीत चढवलेला घोडा हळूच खाली सोडला, की परत चढवण्याआधी नळी उघडून मिटावी लागते; जी-टूत ही कटकट नाही. एवढ्यासाठीच मी जी-टू घेईन.

खांद्याचा दस्ता लावायचा असेल तर अमेरिकेत नळी किमान 16 इंच हवी, नाहीतर 1934चा शस्त्र कायदा आडवा येतो. पिस्तुलासोबत लांब नळी आणि दस्ता एकत्र विकण्यावरून कंपनीचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि 1992 मध्ये ती जिंकली. पण जोडताना क्रम पाळा: आधी लांब नळी, मग दस्ता. उतरवताना आधी दस्ता.

स्पर्धेत मेंढ्याच्या आकाराच्या लोखंडी लक्ष्यांवर 200 मीटरवरून नेम धरणाऱ्यांना आणि ससे-खारींच्या शिकाऱ्यांना काँटेंडर पुरून उरते. हरणासाठी रायफलचं काडतूस पिस्तुलातून मारायचं असेल तर एन्कोर, आणि मनगट तयार ठेवा.