मराठवाड्यातील पोथीपरंपरा

मराठवाड्यात हाताने लिहिलेल्या, वाचलेल्या, पुजलेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या धर्मग्रंथांची परंपरा. पैठण, देवगिरी (दौलताबाद), अंबाजोगाई, खुलताबाद आणि नांदेड ही तिची ठळक केंद्रे. त्यांच्याखेरीज मठांचे कोनाडे, देव्हाऱ्यांचे फडताळ आणि दर्ग्यांचे हुजरे (लहान खोल्या) यांतूनही तिचा मोठा भाग टिकला. धर्मशास्त्र, वारकरी, दत्त, समर्थ, महानुभाव, जैन, सूफी आणि शीख अशा अनेक पंथांचे लेखन या भूमीत शेजारी शेजारी झाले. या सर्वांचा इतिहास बहुधा ग्रंथकारांच्या नावांनी सांगितला जातो. तो तितकाच नकलून घेणाऱ्यांचा, शुद्ध करणाऱ्यांचा आणि जपणाऱ्यांचा इतिहास आहे, आणि मराठवाड्यापुरते पाहिले तर ही दुसरी बाजू अधिक भरीव आहे.

लेखनिकाचे मोल संतांनाही ठाऊक होते. गंगाखेडच्या जनाबाईंच्या नावावरील एका अभंगात कोणाचे बोल कोणी लिहून घेतले याची यादीच आहे: ज्ञानदेवांचे शब्द चिदानंदबाबांनी लिहिले, निवृत्तिनाथांचे सोपानाने, चोखामेळ्याचे अनंतभटांनी. यादीच्या शेवटी जनी आपला लेखनिक सांगते, तो खुद्द पांडुरंग. दळणकांडण करणाऱ्या बाईचे शब्द कोण उतरवून घेणार, या प्रश्नाला तिने दिलेले हे उत्तर मराठी वाङ्मयेतिहासात फार मोलाचे आहे.

देवगिरी, अंबाजोगाई, पैठण

यादवकाळात देवगिरी हे ग्रंथनिर्मितीचे राजकीय बळ असलेले केंद्र होते. महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात 'चतुर्वर्गचिंतामणी' हा धर्मशास्त्राचा प्रचंड संग्रह सिद्ध केला. त्याच्या दानखंडात विद्यादानाचा विस्तृत विचार आहे. ग्रंथ लिहवून घेणे, त्याची पूजा करणे आणि तो योग्य ठिकाणी अर्पण करणे हे तिथे मोठे पुण्यकर्म मानले आहे. पोथी नकलून देवळाला किंवा विद्वानाला देण्याची जी रीत पुढे शतकानुशतके चालली, तिला असा शास्त्राधार होता. हेमाद्रीच्या आश्रयाला असलेल्या बोपदेवाने भागवतावर 'मुक्ताफल' आणि 'हरिलीला' हे ग्रंथ रचले.

अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांच्या 'विवेकसिंधू'चा काळ परंपरेने शके 1110 (इ.स. 1188) मानला जातो. हा काळ आणि मुकुंदराजांचे स्थळ या दोन्हींवर अभ्यासकांत मतभेद आहेत. अंबाजोगाईच्या श्रद्धेत मात्र ते आद्यकवीच आहेत.

ज्ञानेश्वरी नेवाशाची, शके 1212 ची (इ.स. 1290). पण तिच्या पाठाचा इतिहास पैठणला येऊन मिळतो. ज्ञानेश्वरांचे घराणे पैठणजवळच्या आपेगावचे, आणि सुमारे तीनशे वर्षांनी त्यांच्या ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली ती पैठणच्या एकनाथांनी. तोवर ज्ञानेश्वरी हातोहात नकलली गेली होती. कुठे शब्द बदलले होते, कुठे ओळ सुटली होती, कुठे कोणा भाविकाने स्वतःची ओवी घुसवली होती. नाथांनी उपलब्ध पाठांचा शोध घेऊन प्रत शुद्ध केली आणि शेवटी काळाची नोंद ठेवली: 'शके पंधराशें साहोत्तरीं । तारणनामसंवत्सरीं । एकाजनार्दनें अत्यादरीं । गीता-ज्ञानेश्वरी प्रति शुद्ध केली ॥' म्हणजे शके 1506, इ.स. 1584. ग्रंथ मुळात अतिशुद्धच आहे, दोष पाठांतरात शिरला आहे, हेही त्यांनी तिथेच स्पष्ट केले. पुढच्या नकलकारांना त्यांनी कडक शब्दांत अडवले आहे. ज्ञानेश्वरीच्या पाठात जो आपली ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवली असे समजावे.

या कामामागे ज्ञानदेवांनी स्वप्नात येऊन दिलेली आज्ञा आहे, अशी श्रद्धा आहे आणि नाथांच्या एका अभंगातही ती आली आहे. श्रद्धेचा भाग आदराने बाजूला ठेवला, तरी उरते ते काम असामान्य आहे. आपल्या नावाचा ग्रंथ न रचता दुसऱ्याचा ग्रंथ जसा होता तसा परत मिळवणे, त्यासाठी पाठ ताडून पाहणे, मूळ आणि प्रक्षिप्त वेगळे करणे आणि हे केल्याची तारीखवार नोंद ठेवणे हे पाठसंशोधनच होय. मराठीत त्याची सुरुवात पैठणच्या वाड्यात झाली, असे म्हणायला हरकत नाही. स्वतः नाथांचे भागवत पैठणला सुरू होऊन काशीला शके 1495 (इ.स. 1573) मध्ये पूर्ण झाले. त्यांचे 'भावार्थ रामायण' अपुरे राहिले आणि ते गावबा या शिष्याने पुरे केले.

नाथांच्या शुद्धीकरणाने एक वेगळा प्रश्नही उभा राहिला. त्यांची प्रत सर्वमान्य झाल्याने तिच्याआधीचे पाठ मागे पडले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना बीडच्या पाटांगण या ठिकाणी ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. तिची भाषा एकनाथपूर्व आहे, असे त्यांचे मत होते. तिच्या आधारे त्यांनी 1909 मध्ये आपली ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. मूळ पोथी मात्र पुढच्या अभ्यासकांना पाहायला मिळाली नाही, त्यामुळे राजवाड्यांचे वाचन पडताळण्याचा मार्गच बंद झाला. छापील आवृत्ती निघाली तरी पोथी का जपावी लागते, याचे याहून ठसठशीत उदाहरण शोधावे लागणार नाही.

कागद, शाई, बोरू

मराठी पोथ्या जवळजवळ सगळ्या कागदावर आहेत. मराठवाड्याला हा कागद दूरून आणावा लागत नव्हता. मुहम्मद बिन तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली. त्या काळापासून किल्ल्याजवळच्या कागदीपुऱ्यात (कागजीपुरा) कागद बनवणारी कागदी मंडळी वसली, असे सांगतात. चिंध्या आणि ताग कुजवून, कुटून, त्याचा लगदा हौदात कालवून, चाळणीसारख्या साच्यावर उचलून, भिंतीवर वाळवून आणि घोटून कागद तयार होई. कुराणाच्या प्रतींपासून दफ्तरापर्यंत हा दौलताबादी कागद वापरला गेला. लगदा, खळ आणि घोटाई चांगली असेल तर कागद शाई शोषत नाही आणि अक्षर फुटत नाही.

शाई काजळी आणि डिंकाची. शीर्षक, दंड, ओवीचा आकडा आणि 'श्रीभगवानुवाच' यांसारखी शब्दयोजना हिंगुळाच्या तांबड्या रंगात. चुकले तर त्यावर हरताळ (पिवळे खनिज रंगद्रव्य) फासायचा आणि वाळल्यावर पुन्हा लिहायचे. पाने आडवी आणि सुटी ठेवून वर-खाली लाकडी फळ्या देत आणि सगळे तांबड्या किंवा पिवळ्या बासनात बांधत. लिपी बाळबोध, म्हणजे देवनागरी. मोडी कारभाराला चाले. धर्मग्रंथ तीत क्वचितच लिहीत, कारण पारायणात अक्षरागणिक उच्चार नेमका लागतो.

या कलेचे सर्वांत सुंदर वर्णन जांब (जि. जालना) येथे 1608 मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांचे आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेवर आहे: 'वाटोळें सरळें मोकळें । वोतलें मसीचें काळें । कुळकुळीत वोळी चालिल्या ढाळें । मुक्तमाळा जैशा ॥' पहिले अक्षर जसे काढले तसेच शेवटपर्यंत चालावे, सारा ग्रंथ एकाच टाकाने लिहिल्यासारखा वाटावा, देशोदेशीचे बोरू जमवावेत, टाक कसा तोडावा, रेघा कशा आखाव्यात, हे सारे त्यात आहे. हातात बोरू धरून बसल्याशिवाय हे सुचत नाही. समर्थशिष्य कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत धाराशिव जिल्ह्यातील डोमगावच्या मठात जपली गेली. शंकर श्रीकृष्ण देव यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी याच प्रतीवरून दासबोध छापला, आणि आजच्या बहुतेक आवृत्त्यांचा पाठ तिच्याकडे जातो.

ग्रंथ संपल्यावर लेखनिक समाप्तिलेख लिही. शक, संवत्सर, मास, तिथी, वार, गाव, स्वतःचे नाव आणि ज्याच्यासाठी लिहिले त्याचे नाव, एवढे त्यात येई. त्यानंतर बहुधा ठरलेले श्लोक. 'यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया', म्हणजे जसे पाहिले तसे लिहिले, चुकीचा दोष मला देऊ नये. दुसऱ्यात पोथी स्वतःच बोलते: 'तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात्', मला तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून राखा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. पोथ्या टिकल्या त्या अशाच सावधपणामुळे. बासनात वेखंड, कडुलिंबाचा पाला किंवा कापूर ठेवत, पावसाळा सरला की पाने मोकळी करून हवा देत. नवरात्रात सरस्वतीपूजनाला पोथ्याच मांडल्या जात.

दासोपंतांची पासोडी

अंबाजोगाईचे दत्तभक्त दासोपंत (1551–1615) हे परिमाणाच्या दृष्टीने मराठीतले अचाट लेखक. त्यांचा 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा मानला जातो. ज्ञानेश्वरी सुमारे नऊ हजार ओव्यांची आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा आवाका कळतो. रोज ढब्बू पैशाची शाई संपेपर्यंत ते लिहीत, अशी कथा गावात सांगतात. यातला फार थोडा भाग छापला गेला. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या नकला कोण करणार, हेही त्याचे एक कारण असावे.

त्यांची पासोडी मात्र साऱ्या महाराष्ट्रात एकमेव आहे. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचे जाड सुती पांघरूण. सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद अशा कापडावर दासोपंतांनी 'पंचीकरण' लिहिले: पंचमहाभूतांपासून सृष्टी आणि देह कसा घडतो याचे विवेचन, ओव्या आणि आकृत्यांसह. पोथी एकट्याने मांडीशी घेऊन वाचायची असते. भिंतीवर पसरलेले कापड दहा जणांना एकदम दाखवता येते, बोट ठेवून शिकवता येते. अवघड वेदान्त शिष्यांसमोर मांडण्यासाठी केलेली ही योजना होती, असे तिच्या रचनेवरून दिसते. अंबाजोगाईत दासोपंतांच्या देवघरात ती सांभाळली आहे.

महानुभावांच्या लिप्या

महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांचे वास्तव्य पैठणला बराच काळ होते, आणि त्यांच्या आठवणींच्या 'लीळाचरित्रा'त त्या दिवसांच्या अनेक लीळा आहेत. म्हाइंभटांनी विदर्भातील रिद्धपूर येथे संकलित केलेला हा ग्रंथ खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत हरवला. तो पुन्हा उभा राहिला स्मरणावर. हिराइसा या साध्वीला तो मुखोद्गत होता. तिच्या आणि इतर अनुयायांच्या आठवणीतून निरनिराळे पाठ तयार झाले. आज लीळाचरित्राच्या पोथ्यांत जे पाठभेद दिसतात त्यांचे मूळ या आघातात आहे.

त्यानंतर पंथाने ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. चौदाव्या शतकात रवळोव्यासांनी सकळ लिपी रचली. पुढे सुंदरी, अंक, शून्य, वज्र अशा अनेक लिप्या निघाल्या. अक्षरांची अदलाबदल हे त्यांचे सूत्र. परक्याच्या हाती पोथी पडली तरी वचन भ्रष्ट होऊ नये, ही त्यामागची कळकळ. तिची किंमतही मोठी होती. पंथाबाहेरच्या मराठी वाचकांना हे आद्य गद्य सहा शतके वाचताच आले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी, तसेच महंतांच्या सहकार्याने लिप्यांची किल्ली सापडली. मराठवाड्यात डॉ. यू. म. पठाण यांनी महानुभाव पोथ्यांचा आयुष्यभर अभ्यास केला.

खुलताबाद आणि नांदेड

खुलताबादला सूफी संत शेख बुऱ्हानुद्दीन गरीब (मृ. 1337) यांच्याभोवती सूफी ग्रंथलेखन बहरले. शेखांच्या बैठकीतले बोल मुरीद, म्हणजे शिष्य, फारसीत टिपून ठेवत. अशा ग्रंथांना मल्फूजात म्हणतात. काशानी घराण्यातील भावांनी बुऱ्हानुद्दीनांचे असे बोल नोंदवले. रुक्नुद्दीन यांचा 'नफाइसुल अन्फास' आणि हम्माद यांचा 'अहसनुल अक्वाल' हे त्यांतले प्रमुख. पुढे औरंगाबादच्या पाणचक्कीच्या दर्ग्यातील नक्शबंदी या सूफी पंथाच्या सत्पुरुषांविषयीही अठराव्या शतकात 'मल्फूजाते नक्शबंदिया' लिहिला गेला. गुरूच्या मुखातले शब्द शिष्याने जसेच्या तसे उतरवायचे, या बाबतीत मल्फूजात आणि लीळाचरित्र फार जवळचे आहेत. दोन्हींचा एकत्र अभ्यास मराठवाड्यातच व्हायला हवा.

नांदेडला ग्रंथाचे स्थान निराळे. गुरू गोविंदसिंहांनी 1708 मध्ये इथे देह ठेवण्यापूर्वी गुरुगादी ग्रंथसाहिबाला दिली. तेव्हापासून शिखांचा गुरू हा ग्रंथच आहे. महाराजा रणजितसिंहांच्या काळात, 1832 ते 1837 दरम्यान, सचखंड गुरुद्वाऱ्याची वास्तू उभी राहिली. इथे गुरू ग्रंथसाहिबाबरोबर दशम ग्रंथाचाही प्रकाश होतो, म्हणजे तोही विधिपूर्वक उघडून ठेवतात. छपाई येईपर्यंत ग्रंथाची प्रत, म्हणजे बीड, हातानेच लिहिली जाई. गुरू अर्जुनदेवांनी 1604 मध्ये सिद्ध केलेल्या आदिग्रंथात नामदेवांची 61 पदे आहेत, आणि नामदेवांचे जन्मगाव म्हणून परंपरा हिंगोलीजवळचे नरसी सांगते. म्हणजे इथल्या संताची वाणी पंजाबात गेली, गुरुमुखीत लिहिली गेली आणि शतकानंतर गुरुपदावर बसलेल्या ग्रंथातून शेजारच्या नांदेडला परत आली.

छपाईनंतर

ज्ञानेश्वरी 1845 मध्ये मुंबईत शिळाछापावर निघाली. मुंबई-पुण्याच्या छापखान्यांनी पोथीचा आडवा, सुट्या पानांचा आकार कायम ठेवल्याने पारायणकर्त्यांनी ती सहज स्वीकारली. मराठवाडा मात्र 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मराठी छपाई आणि शिक्षण इथे मागे राहिले, त्यामुळे हाताने नकलण्याची रीतही इथे रेंगाळली. 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यावर गावोगावच्या पोथ्या जमवण्याच्या कामाला बळ आले. केंद्र सरकारने 2003 मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी (हस्तलिखित) मिशन सुरू केले, आणि त्यातून नोंदणी, जतन आणि छायांकन यांची पद्धत ठरली.

अजूनही पुष्कळ पोथ्या खासगी घरांत आहेत. त्यांची नोंद घेताना ग्रंथाचे आणि ग्रंथकाराचे नाव लिहून थांबू नये. समाप्तिलेख पूर्ण उतरवावा, लेखनिकाचे नाव आणि गाव टिपावे, समासातल्या दुरुस्त्या कोणत्या शाईत आहेत ते पाहावे, पोथी त्या घरात कुठून आली ते वडीलधाऱ्यांना विचारून लिहावे. बासनात पोथीबरोबर ठेवलेले सुटे कागद, जमाखर्च आणि पत्रे वेगळी काढून टाकू नयेत. तीही त्याच क्रमाने नोंदवावीत.