रेझ्युमे तोच, नाव फक्त बदललं

"नीट शिकलं की नोकरी मिळते, कातडीचा रंग कोण बघतंय आता" असं अमेरिकेबद्दल बोलताना लोक सहज म्हणून जातात. गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या नोकऱ्यांचे नुसते आकडे समोर ठेवले तर म्हणतात शाळा वेगळी असेल, अनुभव कमी असेल. आक्षेप रास्तच आहे, आणि म्हणूनच मरियान बर्ट्रँड आणि सेंधिल मुल्लईनाथन या अर्थतज्ज्ञांचा 2004 साली छापून आलेला प्रयोग मला जबरदस्त वाटतो.

त्यांनी बॉस्टन आणि शिकागोतल्या पेपरमधल्या सुमारे 1300 जाहिरातींना जवळपास 5000 बनावट रेझ्युमे पाठवले, काही दमदार, काही साधे, आणि कुठल्या रेझ्युमेवर एमिली किंवा ग्रेग (तिकडे गोऱ्यांची वाटणारी नावं) लिहायचं आणि कुठल्यावर लकीशा किंवा जमाल (कृष्णवर्णीयांची वाटणारी) हे रँडम ठरवलं. खरी गंमत या रँडममध्ये आहे! चिठ्ठ्या टाकून नावं वाटली की शिक्षण, अनुभव, पत्ता सगळं दोन्ही गटांत सरासरीने सारखं पडतं, संशोधकांच्या डोक्यातही न आलेल्या गोष्टीसुद्धा, म्हणजे मग कॉलबॅकमध्ये (कंपनीकडून उलट येणाऱ्या फोनमध्ये) जो फरक उरतो त्याला नावाशिवाय दुसरं कारणच शिल्लक राहत नाही (योगायोगाने किती फरक पडू शकतो त्याचं वेगळं गणित असतं, तेही त्यांनी केलंय).

निकाल काय आला? गोऱ्या वाटणाऱ्या नावाला साधारण 10 अर्जांमागे एक कॉल, कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावाला 15 मागे एक. आणि शिक्षणाच्या मुद्द्याला थेट भिडणारी गोष्ट म्हणजे रेझ्युमे दमदार केल्यावर गोऱ्या नावांचे कॉल 30 टक्क्यांनी वाढले, दुसऱ्या गटाला त्याचा फायदा फारच कमी झाला.

अशा फरकाचं कारण म्हणून बुद्धी वंशावरून ठरते असली भोंदू थिअरी अजूनही विज्ञानाच्या नावाने फिरवली जाते. इथे तर उमेदवार फक्त कागदावर होते, त्यांना वंश कुठला आणि बुद्धी कुठली.

हे जुनं झालं म्हणाल, तर पॅट्रिक क्लाइन, इव्हान रोझ आणि ख्रिस्तोफर वॉल्टर्स यांनी 2022 मध्ये अशाच 83,000 च्या आसपास बनावट अर्जांचा अभ्यास छापला, अमेरिकेतल्या 108 बड्या कंपन्यांवर. कॉल येण्याच्या प्रमाणातला सरासरी फरक तिथे 2.1 टक्के पॉइंटचा (म्हणजे दर 100 अर्जांमागे साधारण दोन कॉल कमी), पण तो सगळीकडे सारखा पसरलेला नाही, कृष्णवर्णीय अर्जदारांचे जे कॉल हुकले त्यातले जवळजवळ निम्मे फक्त एक पंचमांश कंपन्यांमध्ये हुकलेत. त्यामुळे नेमकं कुठे तपासायचं हे आता कळू शकतं.