ऑक्सिमीटर ९८ दाखवतो, तेव्हा तो काय मोजतो?

बंद न्हाणीघरात गॅस गिझरमुळे कोणी बेशुद्ध पडले, की कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावला जातो आणि ९८ हा आकडा पाहून ‘ऑक्सिजन तर उत्तम आहे’ असे सर्वांना वाटते. हा समज जिवावर बेतू शकतो.

निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात सुमारे १५ ग्रॅम हिमोग्लोबिन असते आणि त्यावर साधारण २० मिलिलिटर ऑक्सिजन मावतो. बंद जागेत गिझर किंवा शेगडी जळताना तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू त्याच जागी ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट बसतो. त्याने ४० टक्के जागा व्यापल्या, तर ऑक्सिजनसाठी १२ मिलिलिटरच उरतात.

ऑक्सिमीटर प्रत्यक्षात रक्ताचा रंग पाहतो. तो ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश बोटातून पाठवतो व नाडीच्या ठोक्याबरोबर बदलणारे शोषण तेवढे वेगळे काढतो. ऑक्सिजन नसलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाश भरपूर शोषते, ऑक्सिजन असलेले फारच थोडा शोषते, आणि अवरक्तात हा क्रम उलटतो. दहावीच्या बीजगणितात दोन चलांसाठी दोन समीकरणे पुरतात, तसेच हे आहे. मात्र कार्बन मोनॉक्साइड बसलेले हिमोग्लोबिन हे तिसरे चल आले, की दोन समीकरणे अपुरी पडतात. लाल प्रकाशात ते ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनसारखेच वागते आणि अवरक्त जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे यंत्र त्याला ऑक्सिजनयुक्तच धरते. बार्कर आणि ट्रेम्पर यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या कुत्र्यांवरील प्रयोगात ७० टक्के हिमोग्लोबिन या वायूने व्यापलेले असतानाही ऑक्सिमीटर ९० टक्क्यांच्या आसपास आकडा दाखवत होता.

नेहमीची हिमोग्लोबिन चाचणीही १५ हाच आकडा देते, कारण रंगद्रव्य कमी झालेलेच नसते. धमनीतील वायूंच्या चाचणीत ऑक्सिजनचा दाब योग्य दिसतो, कारण तो फक्त विरघळलेल्या ऑक्सिजनचा असतो. खरे उत्तर अनेक तरंगलांबी वापरणारा को-ऑक्सिमीटरच देतो.

हिमोग्लोबिन ९ असलेल्या पंडुरोग्याच्या रक्तातही १२ मिलिलिटरच ऑक्सिजन मावतो, तरी तो हिंडूफिरू शकतो. विषबाधेत मात्र उरलेला ऑक्सिजनही हिमोग्लोबिन घट्ट धरून ठेवते आणि पेशींना सहज सोडत नाही. शेगडी पेटवून दारे-खिडक्या लावून झोपलेली माणसे अंगावर जखम नसताना दगावली, की खोलीला बाधा असल्याची चर्चा होते. त्या चर्चेमुळे शेगडी तशीच पेटत राहते.

अशा व्यक्तीला मोकळ्या हवेत आणून रुग्णालयात शुद्ध ऑक्सिजन द्यावाच लागतो, आकडा काहीही असो. साध्या हवेत या वायूचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर सुमारे एक ते दीड तास. उपचाराने पुरावाही असा झपाट्याने विरत असल्यामुळे रक्ताचा नमुना लवकर घ्यावा, परंतु त्यासाठी ऑक्सिजन थांबवू नये.